हयातीचा दाखला गावाने काढावा

नोव्हेंबर लागला की सातारा-सांगलीकडच्या बँकांत, पोस्टांत आणि ई-सेवा केंद्रांत पेन्शनधारकांच्या रांगा लागतात. निवृत्त शिक्षक, एसटीतून निवृत्त झालेले, माजी सैनिक आणि त्यांच्यामागे राहिलेल्या बायका, सगळ्यांना हयातीचा दाखला द्यायचा असतो. अपशिंग्यासारख्या गावाच्या तर नावातच मिलिटरी आहे, आणि संरक्षण खात्याच्या पेन्शनी आता ‘स्पर्श’ या संगणकी व्यवस्थेवर गेल्या आहेत. 2014 पासून ‘जीवन प्रमाण’मुळे हा दाखला आधारवरून ऑनलाइन देता येतो. सोय चांगलीच. पण सैनिकाच्या पत्नीने आयुष्यभर ऊस खुरपलेला असतो, हळद काढलेली असते. तिचा अंगठा यंत्रावर उठत नाही. केंद्रचालक फडक्याने बोट पुसतो, दाबून धरायला सांगतो, मग दुसरं बोट, मग दुसरा हात. मागची रांग चुळबुळायला लागते आणि आजी ओशाळतात. कष्टाने बोटांच्या रेषा झिजल्या, यात त्यांनी ओशाळावं असं काय आहे?

यावर उपाय आहे आणि तो 2021 पासून आहे. साध्या अँड्रॉइड फोनवर चेहरा दाखवून, डोळ्यांची उघडझाप करून हाच दाखला घरच्या ओट्यावर निघतो. फोन स्वतःचा नसला तरी चालतो. हे ज्याला येतं असा एक माणूस आळीत असला तर आजींना तालुक्याला जावंच लागणार नाही. तो माणूस बहुतेक गावांत असतो. त्याला हे काम कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

आपण ही जबाबदारी मुला-नातवंडांवर सोडून मोकळे झालो आहोत. पण ती आहेत कुठे? विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक सोन्या-चांदीच्या कामासाठी देशभर पांगले आहेत; जावळी-पाटणची घरं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या पगारावर चालली. जी मुलं जवळ आहेत, त्यांच्या तोंडी एकच वाक्य: ‘द्या इकडं, मी करतो.’ काम दोन मिनिटांत होतं. पण वडील काही शिकत नाहीत, आणि पुढच्या वेळी विचारायलाही कचरतात. ज्यांनी घर बांधलं, मुलींची लग्नं केली, सोसायटीचं कर्ज फेडलं, त्यांच्या खात्याचा पिन नातवाला पाठ आणि त्यांना मात्र माहीत नाही, ही काळजी घेण्याची रीत नव्हे.

ओटीपीचंच बघा. सिमकार्ड, गॅस, बँक, केवायसी; जिथे जावं तिथे काउंटरपलीकडचा माणूस म्हणतो, ‘बाबा, नंबर आला का? सांगा.’ बाबा सांगतात. असा नंबर सांगायची सवय आपणच त्यांना लावली. मग एके दिवशी चोर फोन करून तोच नंबर मागतो आणि आपण त्यांनाच बोल लावतो. संदेशात पैशाचा आकडा आहे का, हा नंबर आपण मागितला होता का, एवढं स्वतः वाचून बघण्याची सवय लागली तर पुष्कळ फसवणूक टळेल. आणि फसलोच तर घरच्यांपासून न लपवता ताबडतोब 1930 ला फोन करायचा. लपवण्यामागे लाज असते, आणि ती लाज घरच्यांच्या बोलण्यातून आलेली असते.

दवाखान्यात तर प्रश्न जिवाशी येतो. मिरजेला दूरदूरहून, अगदी कर्नाटकातूनही रुग्ण येतात. तिथे मिशन हॉस्पिटल उभारणाऱ्या डॉ. वानलेस यांच्या काळापासूनचा हा ओघ आहे. डॉक्टर विचारतात, आधी कोणत्या गोळ्या चालू आहेत? उत्तर येतं, ‘बीपीची पांढरी, शुगरची लांबुडकी.’ गोळ्यांचं पाकीट कापून दिलेलं असतं, नाव कापल्या तुकड्याबरोबर गेलेलं असतं, आणि कंपनी बदलली की रंगही बदलतो. फोनमधल्या कॅमेऱ्याने केसपेपरचा आणि पाकिटाचा फोटो काढून ठेवणं हे एवढंसं कौशल्य अशा वेळी एखाद्या महागड्या तपासणीइतकं कामाला येतं. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या उपचारांची तरतूद आहे. पण त्यासाठी आधारची पडताळणी आधी व्हावी लागते. रुग्ण दाखल झाल्यावर रात्री धावाधाव करण्यापेक्षा ते काम निवांतपणी उरकलेलं बरं.

या वयात हे शिकायचं तरी का, असं कुणी विचारेल, आणि प्रश्न रास्त आहे. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटीत मोफत प्रवास आहे. आजोबा वयाचा पुरावा दाखवतात, मशीन कंडक्टरच्या हातात असतं, तिकीट तोच काढतो. यंत्राचा भार नोकरीवरच्या माणसाने उचलला. सरकारी व्यवस्था अशीच हवी, आणि जिथे ऑनलाइन आहे तिथे माणूस बसलेली खिडकीही हवी. ही मागणी सोडता कामा नये. तरीही फोन घरात आलेलाच आहे. तो वापरता येत नाही म्हणून माणसाचा व्यवहारच दुसऱ्याच्या हाती जाणार असेल, तर शिकणं हा त्याचा हक्क आहे.

आणि मोठ्या माणसांना शिकवणं या मुलखाला नवं नाही. 1959 मध्ये ग्राम शिक्षण मोहीम सातारा जिल्ह्यातच सुरू झाली आणि पुढे राज्यभर गेली. त्या मोहिमेने साक्षरता हे एकेकट्या माणसाचं काम मानलं नाही. गावाने मिळून ठरवायचं, शिक्षकांनी आणि शिकलेल्यांनी शिकवायचं, आणि सगळं गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ करायचा. पन्नाशीतल्या माणसाने पाटी धरली तरी त्याला कुणी हसत नव्हतं, कारण शेजारीही पाटी घेऊन बसलेला होता. आज फोनच्या बाबतीत नेमकं हेच हवं आहे. एकट्याला शिकवलं की तो चुकतो आणि शरमतो. दहाजण पारावर बसले की चुकणं सगळ्यांचंच होतं.

शिकवणारे हवेत, तर कर्मवीर भाऊराव पाटलांच्या या जिल्ह्यात कॉलेजांची वाण नाही. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं गावोगाव होतातच. त्यातले दोन दिवस यासाठी ठेवता येतील. एकच अट घालावी: शिकवणाऱ्याने फोनला हात लावायचा नाही, तोंडाने सांगायचं.

2 ऑक्टोबरला गावोगाव ग्रामसभा भरते, आणि हयातीच्या दाखल्याची गर्दी त्यानंतर महिन्याने सुरू होते. आपल्या गावच्या सभेत एवढा एकच ठराव मांडा: यंदा गावातल्या प्रत्येक पेन्शनधारकाचा दाखला गावातच निघेल, आणि तो कसा निघतो हे त्यांना शिकवलं जाईल.