परतलेला सैनिक आणि गांवाचें देणें

गेल्या उन्हाळ्यांत शिरूर तालुक्यांतील कवठे येमाई येथें जाण्याचा योग आम्हांस आला. फौजेची ओळख या तालुक्यास नवी नाहीं. शिरूर ऊर्फ घोडनदी येथें एकोणिसाव्या शतकांत इंग्रजांची छावणीच होती. येमाईच्या देवळांत एका निवृत्त हवालदारांची गांठ पडली. १७ वर्षें चाकरी करून ते नुकतेच गांवीं परतले होते. "गांवानं वाजतगाजत मिरवणूक काढली, सर," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशीं हार वाळला, आणि पोराच्या शाळेचं कोडं पडलं. त्याला मराठी वाचतां येत नाहीं." वडिलोपार्जित घर भावांत वांटलेलें, पत्नीचा संसार अंबाल्याच्या आणि झांशीच्या क्वार्टरांत झालेला. पलटणींत ज्या गांवचे म्हणून त्यांनीं स्वतःस सांगितलें, त्याच गांवांत ते पाहुणे झाले होते.

परतणें हेंहि एक स्थलांतरच आहे, हें आमच्या तेव्हां प्रथम ध्यानांत आलें. अशा मनुष्याची घडी बसवून देण्याचें कर्तव्य कोणाचें? तो राबला सबंध देशासाठीं. निवृत्तिवेतन देशाच्या तिजोरींतून मिळतें. मग एकट्या कवठ्यानें आणखी कांहीं कां द्यावें? आक्षेप बिनतोड दिसतो खरा. परंतु देश वेतन देऊं शकतो, शेजार देऊं शकत नाहीं. मुलाला वर्गांत सांभाळून घेणें, नळाची जोडणी, घराच्या वांटणीची नोंद, हीं कामें दिल्लीहून होत नाहींत. इंग्लंडांत सार्वजनिक घरांचें वांटप करतांना स्थानिक संस्था मनुष्याचा त्या गांवाशीं संबंध काय, हें पाहतात. मात्र फौजेंतून नुकत्याच बाहेर पडलेल्यांस त्या कारणानें अपात्र ठरवूं नये, असा नियम तेथें २०१२ सालीं झाला. ज्याला हुकुमानें देशभर फिरविलें, त्याला 'तूं कोठला?' असें आपण कोणत्या तोंडानें विचारणार?

आपल्याकडे महाराष्ट्र शासनानें २०२० सालीं माजी सैनिकांस व सैनिकांच्या विधवांस मालमत्ता-कराची माफी दिली आणि ती ग्रामपंचायतींच्या हद्दींतहि लागू केली. घरपट्टी हें ग्रामपंचायतीचें स्वतःचें उत्पन्न. तेव्हां औदार्य मंत्रालयाचें आणि पेटी गांवाची, अशी थट्टा कोणी करील. तूट भरून न मिळाल्यास, ज्या गांवानें अधिक मुलें फौजेंत धाडलीं त्याचीच पेटी अधिक रिकामी होणार, हेंहि खरें. तरी ही माफी आम्हांस मान्य आहे. दिवाबत्तीला जें कमी पडेल तें सारें गांव थोडें थोडें सोसील. आणि ज्यांत देणाऱ्याचें कांहींच जात नाहीं, त्याला कृतज्ञता म्हणणें कठीण.

जमिनीची गोष्ट मात्र निराळी. सरकारी पडीक जमीन देतांना माजी सैनिकांचा विचार आधीं व्हावा, अशी तरतूद आपल्या महसुली नियमांत आहे. ऐकावयास गोड, पण गांवच्या हिशेबीं निव्वळ पडीक अशी जमीन क्वचितच असते. इसवी सनापूर्वी ४२ मध्यें फिलिपायच्या लढाईनंतर रोमच्या सैनिकांस इटलींतील जमिनी वांटण्यांत आल्या. त्या कोणाच्या तरी होत्याच. व्हर्जिलच्या पहिल्या गोपगीतांत शेताला मुकलेला एक गोपाळ शेळ्या हांकीत देशोधडीला लागतो, तो याच वांटपापायीं. तरुणपणीं तो आम्हांस फार दूरचा वाटे. कवठ्यास जातांना रस्त्यांत मेंढरांचा कळप आडवा आला, तेव्हां तो एकदम जवळचा झाला. उद्यां गायरान सैनिकास दिलें, तर सबंध गांवाचें देणें हा एकटा मेंढपाळ फेडणार. सामाईक जमिनींना सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं पंजाबांतील एका खटल्यांत संरक्षण दिलें, तें आम्हांस म्हणूनच न्यायाचें वाटतें.

हें सारें आम्हीं हवालदारांना बोलून दाखविलें. ते हंसले. "बरोबर आहे तुमचं. पण जमीन मिळत असली तर नको कोण म्हणेल, सर?" यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

पुढचा पेंच याहून अवघड आहे. २०२२ सालीं सुरू झालेल्या अग्निपथ योजनेंत चार वर्षांनंतर शेंकडा २५ पर्यंतच तरुण फौजेंत राहावयाचे. बाकीच्यांस एकरकमी निधि मिळतो, निवृत्तिवेतन नाहीं, आणि मूळ योजनेप्रमाणें 'माजी सैनिक' हा दर्जाहि नाहीं. म्हणजे घरपट्टीची माफी त्यांच्या उंबरठ्यापर्यंत पोंचेलच असें नाहीं. हवालदारांचा पुतण्या त्यांतलाच एक. तो परत आला म्हणजे त्याची मिरवणूक काढावयाची कीं नाहीं, यावर गांवांत आतांच दोन तट पडले आहेत, असें ते सांगत होते.