दास्यातील श्रद्धा

ज्या धन्याने पायांत बेड्या घातल्या, त्याच धन्याच्या देवापुढे गुलामाने गुडघे का टेकावेत? अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा इतिहास वाचताना हा प्रश्न टाळता येत नाही. श्रद्धा हे मुक्तीचे बळ, की दुःख विसरायला लावणारी गुंगी?

धन्यांनी शास्त्रातून आज्ञापालनाची वचने निवडली. गुलामांनी त्याच शास्त्रात मिसरच्या दास्यातून सुटलेल्या इस्राएलाची कथा ऐकली आणि ती आपली मानली. दास्यात जन्मलेल्या रिचर्ड ॲलन यांनी स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतले होते. फिलाडेल्फियातील एका गोऱ्यांच्या चर्चमध्ये प्रार्थनेसाठी गुडघे टेकलेल्या कृष्णवर्णीयांना ओढून उठवले गेले, तेव्हा ते बांधवांसह बाहेर पडले. परंतु ख्रिस्ताला सोडून गेले नाहीत. १७९४ साली त्यांनी उभारलेल्या प्रार्थनामंदिराचे नाव होते बेथेल, म्हणजेच देवाचे घर.

हे नाव जालन्याच्या वाचकांना परके नाही. १८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. त्याच वर्षी जालन्याहून रेव्हरंड नारायण शेषाद्री न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेला गेले होते. १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या ब्राह्मणाने गावकुसाबाहेरच्या मातंग बांधवांमध्ये आयुष्य वेचले. आपल्या या प्रॉटेस्टंट बंधूने निजामाच्या राज्यात जमीन मिळवून जालन्याजवळ त्यांच्यासाठी गाव वसविले. त्याचेही नाव बेथेल. उपदेशाबरोबर त्यांना पायाखाली जमीन मिळाली, हे महत्त्वाचे.

आपण कॅथलिकांनी मात्र या इतिहासाकडे त्रयस्थपणे पाहू नये. १८३८ साली मेरीलँडच्या येशूसंघीयांनी २७२ गुलाम विकले. दास्यात जन्मलेल्या ऑगस्टस टोल्टन यांना अमेरिकेतील एकाही गुरुविद्यालयाने प्रवेश दिला नाही. १८८६ साली रोममध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि ते त्याच अमेरिकेत सेवेसाठी परतले. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्या सद्गुणांची थोरवी मान्य केली. दार लावून घेणारी माणसे होती. ख्रिस्त दाराच्या कोणत्या बाजूला उभा आहे, हे टोल्टन यांनी ओळखले होते.

उत्पत्तीच्या पुस्तकात बेथेल हे नाव कोणी दिले? घर सोडून पळालेल्या, दगडाची उशी करून निजलेल्या याकोबाने. बेघराला जिथे देव भेटला, ते देवाचे घर. म्हणून धन्याने देव दिला, असे म्हणणे चूक आहे. देव गुलामाच्या उशाशी आधीच होता. धन्याने केवळ त्याचे नाव उच्चारले होते.

भारतीय कॅथलिक बिशपांनी २०१६ साली दलितांविषयीचे धोरण जाहीर करताना, ख्रिस्तसभेतही जातिभेद उरला असल्याचे मान्य केले. तेव्हा परीक्षा आपलीच आहे. मिस्साबलिदानात एका भाकरीचे वाटेकरी होणारे आपण, मुलामुलींची लग्ने जुळवताना पूर्वजांची जात विचारतो का? विचारत असू, तर आपले मंदिर कितीही भव्य असो, त्याला बेथेल म्हणता येणार नाही.