अंथरूण पाहून

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हा उपदेश मी वर्गात मुलांना कितीदा तरी ऐकवला असेल. खर्च बेताने करावा, एवढाच त्याचा अर्थ, अशी माझी समजूत होती. पण एका प्रयोगाची हकीकत वाचनात आली आणि त्या म्हणीने उलट मलाच प्रश्न विचारला.

प्रयोग अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला, २००६ साली प्रसिद्ध झालेला. आपले रक्त जेथे तयार होते त्या अस्थिमज्जेतल्या काही मूळपेशी ॲडम एंगलर, डेनिस डिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतल्या. पुढे काय व्हायचे हे या पेशींचे अजून पक्के ठरलेले नसते. त्यांच्यासाठी जेलीसारखे थर तयार केले : काही मेंदूइतके मऊ, काही स्नायूइतके घट्ट, काही कोवळ्या हाडाइतके ताठ. पोषण सर्वांना सारखेच. पेशी अंथरूण जणू ओढून पाहते, ते किती दाद देते याचा अंदाज घेते आणि मग पाय पसरते. मऊ थरावरच्या पेशी चेतापेशींसारख्या दिसू लागल्या, घट्ट थरावरच्या स्नायूंच्या वाटेला गेल्या, ताठ थरावरच्या हाडाच्या. पहिल्या आठवड्यात औषधी द्रव्यांनी त्यांची वाट बदलता येत होती. काही आठवडे उलटल्यावर मात्र त्या ऐकेनात.

झिजलेले हाड किंवा दुबळे हृदय उद्या दुरुस्त करायचे तर हे ज्ञान मोलाचे आहे. हृदयविकारानंतर हृदयावर राहिलेला वण कठीण असतो. तेथे नवी पेशी नुसती नेऊन सोडली म्हणजे काम भागत नाही.

मला मात्र एक मुलगा आठवला. गणित येईना म्हणून मी त्याला भर वर्गात ‘दगड’ म्हटले होते आणि ‘खाण तशी माती’ असे मनाशी म्हणून मोकळा झालो होतो. तो सातवीतच शाळा सोडून गेला. त्याची खाण मी पाहिली; त्याला दिलेले अंथरूण माझेच होते, हे पाहिले नाही.

मग माणसाच्या हातून घडते त्याचा सगळा दोष अंथरुणाचाच काय? तसे म्हटले तर चोरही सुटेल. त्या प्रयोगातल्या पेशीला आपले अंथरूण सोडून उठता येत नव्हते. जाणत्या माणसाला थोडेफार येते, आणि तेवढ्यापुरता तो जबाबदार आहे. पण मूल जाणते नसते. त्याचे पहिले आठवडे आपल्या हाती असतात.

आणि मऊ तेवढे चांगले, असेही नाही. ताठ थराशिवाय हाड कोठून यायचे? चूक कठोरपणात नव्हती. चाळीस मुलांना एकच अंथरूण घालण्यात होती.

ती म्हण मी आजही वर्गात सांगतो. फक्त सांगण्यापूर्वी, हे अंथरूण घातले कोणी, असे आधी स्वतःला विचारतो.