योगातले नऊ अडथळे आणि आपला सकाळचा अर्धा तास



आजचे चिंतन: पातंजल योगसूत्रे, समाधिपाद, सूत्र 30

भक्तिमार्गावरच्या तरुण मुलामुलींच्या मनात एक प्रश्न असतो, पण तो सहसा कुणी उघड विचारत नाही. देह नश्वर आहे हे आपण रोज ऐकतो. मग वजन कमी करायला एवढी धडपड कशाला? तोच वेळ नामाला दिला तर? आणि याच्या अगदी उलट दुसरी गोष्ट. सोमवारी फिरायला जायचं ठरवायचं, गुरुवारी ते सुटायचं, आणि मग मनाला टोचणी लागते की आपल्यात निश्चयच नाही, आपण साधना तरी काय करणार! आजच्या सूत्रात या दोन्हींचं उत्तर सापडतं.

पतंजली मुनींनी इथे साधकाच्या वाटेवरचे नऊ अडथळे सांगितले आहेत. त्यांना ते अंतराय म्हणतात. पहिला व्याधी, म्हणजे आजार. दुसरा स्त्यान, म्हणजे मनाचं जडत्व, काही करावंसंच न वाटणं. मग संशय. मग प्रमाद, म्हणजे बेफिकिरी. मग शरीराचा आळस. मग अविरती, म्हणजे विषयांची ओढ न सुटणं. मग भ्रांतिदर्शन, चुकीची समजूत. आठवा अलब्धभूमिकत्व, कष्ट करूनही पुढची पायरी हाती न लागणं. आणि नववा अनवस्थितत्व, मिळालेल्या पायरीवर टिकता न येणं.

यादी समाधीच्या साधकासाठी आहे. पण व्यायाम सुरू करून सोडून दिलेल्या कुणालाही ती वाचून दाखवा, तो म्हणेल, अरे, हे तर माझंच!

आता दोन गोष्टी लक्षात घ्या. मुनी यांना पाप म्हणत नाहीत. चित्ताला विचलित करणाऱ्या गोष्टी म्हणतात, आणि त्या वाटेवर येणारच हे गृहीत धरतात. दुसरं म्हणजे, यादीत पहिला आळस नाही, पहिली व्याधी आहे. थायरॉईड असेल, पीसीओडी असेल, गुडघे दुखत असतील, मन खचलेलं असेल, तर वजन वाढण्याला ती कारणं असू शकतात. अशा माणसाला 'जरा हातपाय हलव' म्हणून हिणवणं हा अधर्म आहे. आधी डॉक्टर, मग संकल्प.

देहाकडे लक्ष द्यावं का?

आपल्या नाशिकजवळ टाकळी आहे. समर्थ रामदासांनी तिथे बारा वर्षं तप केलं, आणि त्या काळात ते रोज बाराशे सूर्यनमस्कार घालत, असं परंपरा सांगते. लग्नाच्या मांडवातून निघून गेलेला, रामनामाशिवाय दुसरं काही नको असलेला हा मुलगा. देहाचा मोह त्याला असता तर तो घरीच राहिला असता. तरीही त्याने देह घडवला, कारण नदीत उभं राहून जप करायला देह लागतो आणि पुढे देशभर फिरायलाही लागतो. देह नश्वर आहे म्हणून त्याची हेळसांड करायची, हे तर्कात बसत नाही. भाड्याचं घरही आपण झाडतोच की!

गीतेच्या सहाव्या अध्यायात, 16 आणि 17 या श्लोकांत भगवंत स्पष्ट सांगतात की फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही. आहार, विहार, झोप, काम, सगळं मोजकं हवं. म्हणजे वजनाच्या धास्तीने जेवण टाकणारी मुलगी आणि रात्री बाराला बिर्याणी मागवणारा मुलगा, दोघांनाही एकच उपदेश आहे.

आणि हा विषय दिसण्याचा नाहीच. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. भारतीय शरीराची ठेवण अशी, की पोटावरची चरबी आपल्याला लवकर नडते. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या वर आणि स्त्रीची 80 च्या वर गेली, की डॉक्टर सावध करतात.

लासलगावात बघा

आमच्या लासलगावात सगळं आयुष्य काट्यावर चालतं. 1947 पासूनची बाजार समिती, कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगा, भुईकाट्यावर भरलेली गाडी, मग रिकामी गाडी. पण काटा फक्त वजन सांगतो. भाव ठरतो तो ढीग डोळ्यांनी बघून. माणसाचंही तसंच आहे. काट्यावरचा आकडा ही एक माहिती आहे, ती तुमची किंमत नव्हे. शिवाय चाळीत साठवलेल्या उन्हाळ कांद्याचंही वजन घटतं, आणि शेतकऱ्याला त्याचा आनंद होत नाही! आठवडाभर उपाशी राहून उतरलेल्या वजनात पाणी आणि स्नायूही जातात. घट झाली म्हणजे आरोग्य आलं असं नाही.

याच बाजारात गोण्या उचलणारा हमाल आहे, गादीवर दिवसभर बसणारा व्यापारी आहे आणि खळ्यावर उकिडवं बसून कांदा निवडणारी मावशी आहे. तिघांना एकच उपदेश करता येईल का? मावशी थकलेली आहे, पण तिचं शरीर दिवसभर एकाच जागी आखडलेलं आहे. तिला विश्रांती हवी, पाठ मोकळी करायला वेळ हवा. 'पहाटे पाचला उठा' हे वाक्य तिला ऐकवू नका, ती चारलाच उठलेली असते.

इथे खरा नैतिक प्रश्न येतो. आपण 'वेळ नाही' हा आपला अडथळा समजतो. पण घरातल्या आईला, वहिनीला वेळ का नाही? सकाळचं पाणी, डबे, चहा, देवपूजेची तयारी, सगळं तिच्याकडे. तिच्या व्यायामातला अंतराय तिचा आळस नसून आपली सोय आहे. मुलाने सकाळी स्वतःचा डबा भरला, वडिलांनी चहा टाकला, तर आईला अर्धा तास मिळतो. घरच्या बाईला तो अर्धा तास मिळवून देणं ही देवपूजेइतकीच मोठी सेवा आहे, असं मला अगदी मनापासून वाटतं.

प्रसाद, उपवास आणि आग्रह

अविरती हा भक्तांचा खास अडथळा, कारण आपली ओढ बऱ्याचदा देवाच्या नावावर खपून जाते. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण उगाच नाही पडली. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात दाण्याचा कूट आणि तूप. खिचडीची वाटी ठीक आहे. ताट भरून खाल्ली, वर वेफर्स आणि केळी, की रोजच्या जेवणापेक्षा जास्त होतं. उपवास म्हणजे देवाच्या जवळ राहणं. पोट तडस लागेपर्यंत भरलं की जवळ येते ती झोप.

प्रसादाला नाही म्हणू नये, बरोबर. पण प्रसाद कणभर घेतला तरी पूर्ण असतो. सप्ताहाच्या पंगतीत वाढपी आग्रह करतो तेव्हा पानावर हात आडवा धरून 'माउली, पुरे' म्हणा. त्यात अन्नाचा अपमान नाही. पानात टाकून उठण्यात आहे.

वजन थांबतं, वजन परत येतं

भ्रांतिदर्शन म्हणजे आजच्या भाषेत एकवीस दिवसांत पोट गायब करणारी रील. तिच्याबद्दल जास्त बोलायला नको. पण शेवटचे दोन अंतराय नीट समजून घ्या, कारण बहुतेक जण तिथेच हरतात.

दोनतीन महिने चांगलं चालतं आणि मग काटा हलेनासा होतो. हे अलब्धभूमिकत्व. यात तुमचा दोष नाही. शरीर हलकं झालं की त्याला कमी ऊर्जा पुरते, म्हणून तेवढंच जेवण आणि तेवढंच चालणं यांचा परिणाम कमी दिसतो. पुढे भूक वाढते आणि सणवार आले की दोन किलो परत येतात. हे अनवस्थितत्व. इथेच माणूस म्हणतो, 'सगळं वाया गेलं.' गीतेच्या दुसऱ्या अध्यायातलं भगवंतांचं आश्वासन अशा वेळी आठवावं, की या मार्गावर केलेला प्रयत्न फुकट जात नाही. आकडा परत आला असेल, पण चालण्याने हृदयाला, साखरेला, झोपेला जे मिळालं ते खोटं नव्हतं. उद्या परत बूट घाला.

उपाय काय?

सूत्र 32 मध्ये मुनी उपाय सांगतात, एकाच तत्त्वाचा अभ्यास. आपण मात्र योगा, जिम, झुंबा, डाएट सगळं एकाच सोमवारी सुरू करतो. एकच धरा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस भरभर चालणं. अर्धा तास जमत नसेल तर दहा मिनिटांपासून धरा. सूत्र 14 सांगतं की अभ्यास दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने केला की पक्का होतो. आदराने हा शब्द महत्त्वाचा. स्वतःच्या शरीराचा राग करत केलेला व्यायाम टिकत नाही.

आणि जमलं तर एकटे चालू नका. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तीनाथांची पालखी पंढरीला निघते, तेव्हा साठीची आजी रोज मैलोगणती चालते. घरी ती बाजारापर्यंतही रिक्षाने जाते! फरक दिंडीचा आहे. वेळ ठरलेली, वाट ठरलेली, शेजारी माणूस, मुखी नाम. तुमची सोसायटीतल्या दोन मित्रांची दिंडी होऊ शकते. सप्तशृंगी गडावर 2018 पासून फ्युनिक्युलर आहे. वृद्धांसाठी, दुखणेकऱ्यांसाठी ती आईची कृपाच. पण ज्याचे गुडघे शाबूत आहेत, त्याने त्या पाचशेच्या आसपास पायऱ्या नाम घेत चढाव्यात.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचंही उत्तर मिळालं. नामाचा वेळ चालण्याला द्यायची गरजच नाही. चालता चालता नाम घेता येतं, वारकरी पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आले.

आजचा संकल्प: नऊपैकी आपला अंतराय कोणता, तो एकच ओळखायचा आणि कागदावर लिहायचा. उद्या दहा मिनिटं नाम घेत चालायचं. आणि घरात कुणाच्या व्यायामाचा अडथळा आपण आहोत का, तेही बघायचं.

पांडुरंगा, हा देह तू दिलास. तो नीट राखण्याची बुद्धीही तूच दे.

राम कृष्ण हरी!