अनुभवाचा दाखला

जगात काही वस्तू अशा आहेत की त्या आधीपासून जवळ असल्याशिवाय मिळतच नाहीत. कर्ज ही त्यातली पहिली. ज्याच्याकडे तारण ठेवायला चार दागिने आहेत त्याला कर्ज चटकन मिळतं. ज्याच्याकडे काहीच नाही, आणि म्हणूनच ज्याला कर्ज हवं असतं, त्याला आम्ही बँकवाले जामीनदार आणायला सांगतो. दुसरी वस्तू म्हणजे अनुभव. तो नोकरीशिवाय मिळत नाही आणि नोकरी त्याच्याशिवाय मिळत नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, ही म्हण रचणारा माणूस नक्की बेकार पदवीधर असणार.

या पेचावर हल्ली इंटर्नशिप नावाचा तोडगा निघालाय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर तर तिला अभ्यासक्रमातच मानाचं पान मिळालं. कल्पना उत्तमच आहे. शिकता शिकता कंपनीत जावं, काम बघावं. फक्त त्यासाठी जवळपास कंपनी असावी लागते. तालुक्याच्या गावात कंपनी म्हणजे पाण्याच्या बाटल्या भरणारी एक शेड आणि मोटारसायकलींची एक शोरूम. तिथं शंभर पोरांनी जायचं कुठं?

माझा भाचा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. त्यानं यावर परस्पर उपाय काढला.

"मामा, तुझ्या ओळखीत कुणी सी. ए. आहे का? मी दोन महिने काम केलं असं नुसतं लिहून हवंय."

"आणि काम?"

"काम कशाला? सगळे असंच आणतात."

आता तुम्ही म्हणाल, दोन ओळींच्या कागदानं कुणाचं काय बिघडतं? मीही तसंच म्हटलं असतं. पण वाणिज्य शाखेच्या माणसाला एक खोड असते. एका बाजूला काही जमा दिसलं की ते कुणाच्या नावे पडलं, हे तो शोधतो. भाच्याच्या खात्यावर दोन महिने जमा झाले, तर ते कुणाच्या तरी नावे पडणारच. पहिला धनी, ज्याच्या मामाच्या ओळखीत सी. ए. नाही तो पोरगा. दुसरा, उद्या भाच्यावर विसंबून हिशेब सोपवणारा दुकानदार. चोरी पकडली जाईल का, हा प्रश्न पोलिसांचा झाला. पकडली गेली नाही तरी भुर्दंड कुणाला, हा खरा प्रश्न.

पण मला हसू आलं ते वेगळ्याच गोष्टीचं. हाच भाचा दोन वर्षं गल्लीतल्या गणेश मंडळाचा खजिनदार आहे. पावतीपुस्तकं कुणाला किती दिली याची नोंद ठेवायची, स्थळप्रती जुळवायच्या, मांडववाल्याला आगाऊ रक्कम द्यायची, ढोलवाल्यांशी घासाघीस करायची, हे सगळं तो करतो. तात्पुरत्या मंडळांना वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते आणि मागाहून हिशेबही द्यावा लागतो. ते कागदही त्यानंच केले. मी म्हटलं, "अरे, हे लिही की!"

"ते काय काम आहे का, मामा? ते आपलं मंडळाचं."

म्हणजे बघा! न केलेलं काम लिहायला तयार, आणि केलेलं लिहायला लाज!

याचं कारण आपण अनुभव शिक्क्यावर मोजतो. वास्तविक शिक्का नेहमी कामाच्या मागून आलेला आहे. लुका पाचोली या इटालियन पाद्र्यानं १४९४ साली छापलेल्या आपल्या गणिताच्या ग्रंथात द्विनोंदी हिशेबपद्धती समजावून दिली. पण व्हेनिसचे व्यापारी ती त्याच्या आधीपासून वापरत होते, तेही बी.कॉम. न होता. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' हा मंत्र दिला. वसतिगृहातली मुलं शेतात राबली, स्वतःची भाकरी स्वतः भाजली. भाकरी करपली तर प्रमाणपत्र खाऊन पोट भरता येत नसे.

माझ्यापुरती मी अनुभवाची एक व्याख्या केली आहे. जिथं तुम्हाला जाब विचारायचा हक्क कुणाला तरी असतो, तिथं अनुभव असतो. मग ते मामाचं किराणा दुकान असो आणि त्याची उधारीची वही असो, सोसायटीचा मेंटेनन्स असो, नववीच्या चार पोरांची शिकवणी असो, की राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर आणि त्यात पन्नास जणांच्या आमटीची जबाबदारी असो. आमच्या काउंटरवर नवी मुलं येतात, सगळीच हुशार. पण एखादी आजी "माझी पेन्शन कुठं गेली?" म्हणून उभी राहिली, की कळतं कुणी आयुष्यात कुणाला उत्तर दिलंय आणि कुणी नुसतं उत्तरपत्रिकेत लिहिलंय.

मात्र याला एक पथ्य आहे. खजिनदाराचा 'वित्त व्यवस्थापक' करायचा नाही. आमटी ढवळणाऱ्याचा 'आहार सल्लागार' करायचा नाही. काय केलं, किती केलं, कुठं अडलं, एवढंच लिहायचं. खऱ्या कामाला फुगवलं की तेही खोटं दिसायला लागतं.

भाच्याला हे पटलं असावं, कारण त्यानं वाद सोडून व्यवहार काढला. "पण मामा, मंडळाचा दाखला देणार कोण?"

मंडळाचे एक आजोबा आहेत. निवृत्त तलाठी. वर्गणीच्या पैशापैशाचा हिशेब मागतात, म्हणून सगळी पोरं त्यांना टाळतात. मी भाच्याला त्यांच्याकडेच पाठवलं. त्यांनी वहीचं पान फाडून तीन वाक्यं लिहून दिली: 'मुलगा हिशेबास चोख आहे. गेल्या साली तीनशे चाळीस रुपये कमी भरले, ते तीन दिवस खपून शोधून काढले. स्वभावाने हट्टी आहे.'

"शेवटचं वाक्य खोडू का?" भाच्यानं विचारलं.

मी म्हटलं, "राहू दे. त्या एका वाक्यामुळेच आधीची दोन खरी वाटतात."