सोंग आणि साधना



यंदा नालासोपाऱ्यास एका हरिनाम सप्ताहात आमची दोन दिवसांची कीर्तनसेवा होती. प्राचीन ग्रंथांत ज्याला शूर्पारक म्हटले आहे, ते हेच गाव. आज तेथे दाटीवाटीच्या चाळी आणि इमारती आहेत, आणि मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत पाय ठेवण्यासाठी पहाटेपासून माणसांची झुंबड असते. घाटावरून आणि कोकणातून पोटासाठी आलेली माणसे येताना गळ्यातली माळ घेऊन आली, म्हणून तेथे सप्ताह होतात. दिवसभर गाडीत उभा राहिलेला माणूस रात्री पुन्हा टाळ घेऊन उभा राहतो. ते पाहिले म्हणजे वाटते, खरी सेवा त्याची. आम्ही आपले बोलणारे.

पहिल्या दिवशी आरती झाल्यावर एक माळकरी गृहस्थ पत्नीला आणि मुलाला घेऊन आले. म्हणाले, "महाराज, याला दोन शब्द सांगा. बी.कॉम. झाला, पण नोकरी बघत नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची परीक्षा द्यायची म्हणतो. नट व्हायचंय त्याला. तीन पिढ्यांची वारी आहे आमची. आता घरात सोंगाड्या निघाला, तर पांडुरंगाला तोंड कसं दाखवू?" मुलगा वाकून पाया पडला, पण हेका सोडीना. "महाराज, आपल्या विरारचा गोविंदा नाही का मोठा झाला?" बाई इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी एवढेच विचारले, "हे पाप आहे का हो, महाराज?"

बापाचा राग आम्हांला समजला, मुलाची हौसही समजली. परंतु त्या माउलीच्या प्रश्नाला आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. "उद्या कीर्तनाला या," म्हणून आम्ही वेळ मारून नेली. रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी जे निरूपण झाले, त्याचा सारांश येथे देतो.

मुलाने घेतलेले नाव काही खोटे नव्हते. गोविंदा यांचे वडील अरुणकुमार आहुजा स्वतः नट होते. मेहबूब खान यांच्या १९४० सालच्या 'औरत' या चित्रपटात त्यांनी काम केले होते. आई निर्मलादेवी या ठुमरी गाणाऱ्या नामांकित गायिका. पुढे चित्रपट काढण्याच्या व्यवहारात वडिलांना खोट आली आणि हे कुटुंब मुंबईतले घर सोडून विरारला आले. मुलगा वसईच्या वर्तक महाविद्यालयात शिकला, काम मागत मुंबईत फिरला, आणि १९८६ साली पडद्यावर आला. मग काही वर्षे घरोघरी त्याचेच नाव झाले. २००४ साली उत्तर मुंबईच्या लोकांनी त्यांना लोकसभेवर निवडून दिले. आता पाहा, एकाच घरात ज्या धंद्याने बापाला बुडवले, त्याच धंद्याने मुलाला वर काढले. आमचा हा नालासोपाऱ्याचा मुलगा फक्त दुसऱ्या पिढीकडे बघतो, आणि त्याचा बाप फक्त पहिल्या पिढीकडे. दोघांचेही अर्धेच बघणे. शिवाय मान मिळाला की पाप धुतले गेले, असेही नाही. माउलीचा प्रश्न होता तेथेच राहिला.

शास्त्राला विचारावे, तर शास्त्र दोन तोंडांनी बोलते. मनुस्मृतीत ज्यांचे अन्न खाऊ नये म्हणून सांगितले, त्यांत नटही आहे. भरतमुनींचे नाट्यशास्त्र मात्र नाट्याला पाचवा वेद म्हणते: ऋग्वेदातून पाठ्य घेतले, सामवेदातून गीत, यजुर्वेदातून अभिनय आणि अथर्ववेदातून रस. एक म्हणतो त्याच्या पंक्तीला बसू नका, दुसरा म्हणतो तो वेदच दाखवतो आहे. आम्ही पाठशाळेत दोन्ही घोकले. पण हा विरोध सोडवण्याची गरज कधी पडली नव्हती. कोणाची आई समोर बसून विचारते, तेव्हा ती पडते.

अशा वेळी ज्ञानोबारायांकडे जावे. शके १२१२ मध्ये सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात बहुरूप्याचा दृष्टान्त आला आहे. बहुरूपी राजाचे सोंग घेतात, राणीचे घेतात. पण आपण खरेच स्त्री किंवा पुरुष, असा भाव मनात नसतो. तरी लोकांपुढे सोंग मात्र हुबेहूब वठवतात. ज्ञानी पुरुषाने कर्म असे करावे, हा तेथला अभिप्राय. लक्षात घ्या, परब्रह्माची वाट दाखवताना माउलींनी उपमेला नट घेतला. ज्याला पंक्तीतून उठवले होते, त्याला त्यांनी पाटावर बसवले.

येथे कोणी शंका घेईल, "महाराज, भागवतात तर याच्या उलट सांगितले आहे." खरे आहे. अवधूताच्या चोवीस गुरूंत कुंभारीण माशी आहे. ती अळीला घरट्यात कोंडते, आणि अळी भयाने तिचेच ध्यान करीत शेवटी माशी होते. ज्याचे ध्यान कराल ते व्हाल. मग जो रोज दारुड्याचे सोंग घेतो, त्याचे काय होणार? बहुरूप्याला सोंग चिकटत नाही, आणि अळीला चिकटल्याशिवाय राहत नाही. दोन्ही संतांच्या मुखातले. खोटे कोणते म्हणावे?

दोन्ही खरे. सोंग अंगावर असते, ध्यान आत असते. बहुरूप्याचे ध्यान सोंगात नसते, म्हणून संध्याकाळी तो रंग धुतो आणि मोकळा होतो. अळीला घर नाही, दार नाही, रंग धुण्याची वेळ नाही. सोंग असे करावे की त्याला धुण्याची वेळ असेल. आणि ध्यान अशाचेच धरावे की जे होण्याची भीती नाही. यावर एक चरित्र सांगतो, म्हणजे बोलणे कोरडे राहणार नाही.

विष्णुपंत पागनीस यांचा जन्म १८९२ चा, चिकोडीचा. गळा गोड, चेहरा नाजूक. म्हणून तरुणपणी संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका केल्या. पुढे मुंबईस संगीत शिकवीत, भजने गात. १९२९ साली कोल्हापुरात निघालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली पुण्यास आली होती. तिने तुकोबारायांवर चित्रपट काढावयाचे ठरविले. दिग्दर्शन विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल या जोडीचे, कथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना संत मानणाऱ्या आपल्या संप्रदायाला, तुकोबांचे चरित्र शेख फत्तेलालांच्या हातून पडद्यावर आले, याचे नवल वाटू नये.

तुकोबा कोणी व्हावे, हा प्रश्न आला. पागनीसांचे नाव निघाले, तेव्हा दामल्यांनाच ते रुचेना. लुगडे नेसून रंगभूमीवर वावरलेला नट तुकोबा कसा शोभेल, ही शंका. शेवटी भूमिका पागनीसांकडेच आली. मग त्यांनी काय केले? चित्रीकरणापूर्वी ते देहूस गेले, तुकोबांच्या चरणी पूजा केली, आणि मग कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. वय चव्वेचाळीस. जिजाईचे काम केले गौरीबाईंनी. प्रभातमध्ये त्या झाडलोटीसारख्या साध्या कामावर आल्या होत्या. पण शेवटी तुकोबा पुष्पकातून निघतात, आणि जिजाई मुलाबाळांसाठी मागे राहते, तेव्हा प्रेक्षकाचे डोळे विमानाबरोबर वर जात नाहीत. जिजाईजवळ खाली राहतात.

१९३६ साली 'संत तुकाराम' लागला. मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहात तो सत्तावन्न आठवडे चालला. १९३७ साली इटलीतील व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. गावोगावचे लोक पडद्याला हात जोडत. तुकोबांचे म्हणून जे चित्र पुष्कळ देवघरांत लागले, त्यात पागनीसांचीच मुद्रा उतरली. पुढे त्यांनी तुलसीदास केला, नरसी मेहता केला; १९४३ साली ते निवर्तले. ज्याच्या स्त्रीपणाची शंका घेतली होती, त्याच्या मवाळपणातच लोकांना तुकोबांची करुणा दिसली. मागचे सोंग आड आले नाही. ते उपयोगी पडले.

त्या चित्रपटाची एक गोष्ट आमच्या अंगावर आली, तीही सांगतो. त्यात बीज आणि झाडाच्या दृष्टान्ताचे एक पद आहे. ते कवी शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी रचले. तरुणपणी आम्ही ते तुकोबांचा अभंग म्हणून कीर्तनात खणखणीत गायिलो. कीर्तन संपल्यावर गुरुजींनी गाथा पुढे टाकली. "काढून दाखव." रात्रभर पाने उलटली, मिळते कुठे? गुरुजी म्हणाले, "रचणारा इतका विरघळला की त्याची ओळ तुकोबांची वाटली. हे त्याचं भाग्य. तू मात्र न बघता बोललास, हे तुझं आळसाचं सोंग."

यापुढचे सांगणे अवघड आहे. एकदा दुष्काळाचे निरूपण चालले होते. तुकोबांची पहिली पत्नी अन्न अन्न करीत गेली, तेथे आमचा कंठ दाटला, आणि समोरच्या माउल्यांनी पदर डोळ्यांना लावले. ते आम्ही पाहिले. पुढच्या गावी त्याच जागी आवाज तसाच दाटवला. पदर पुन्हा डोळ्यांना लागले. त्या रात्री गुरुजींनी एवढेच विचारले, "आज रडलास, का रडवलंस?" आम्हांला उत्तर देता आले नाही.

वाचकहो, फेटा, उपरणे, गळ्यात वीणेकरी घालतो तो हार, हाही वेषच आहे. पागनीसांना लोकांनी तुकोबा समजून हात जोडले. आमच्या पायांवरही लोक काही समजूनच डोके ठेवतात. भूमिका घेण्यापूर्वी तो नट देहूस गेला. आम्ही उभे राहण्यापूर्वी कोठे जातो? मानधनाचे पाकीट आणि गाडीची वेळ विचारतो. मग सोंगाड्या कोण? त्या गृहस्थांनी हा प्रश्न मुलासाठी आणला होता. रात्रभर तो आमच्या उशाशी बसला.

कीर्तनानंतर तिघे पुन्हा भेटले. बाईंना आम्ही म्हणालो, "माउली, सोंग घेणे पाप नाही. सोंग उतरवण्याचा विसर पडणे हे पाप, मग तो नट असो की कीर्तनकार." गृहस्थांना सांगितले, "मुलगा ज्या संस्थेत जाऊ म्हणतो, ती १९६० साली प्रभातच्याच जागेवर सुरू झाली. जेथे तुकोबा उभे केले, त्या मातीत तो जातो आहे. पास होईल की नाही, पोट भरेल की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. आहुजांच्या घरातली दोन्ही पाने उघडी आहेत. पण वारीचे नाव घेऊन त्याला अडवू नका."

मुलगा घुटमळला. "महाराज, एक विचारू? दारुड्याचं काम मिळालं आणि गळ्यात माळ नको म्हणाले, तर काय करू?"

हा प्रश्न ऐकून आम्हांला बरे वाटले. ज्याला माळेची काळजी आहे, त्याची काळजी आम्ही कशाला करावी? आम्ही म्हणालो, "बाळा, माळ तुटली तर आपण काय करतो?" तो म्हणाला, "दुसरी घालेपर्यंत पाणीसुद्धा घेत नाही." "तेच कर. सोंगापुरती काढ, कपाळाला लावून जपून ठेव. परत गळ्यात येईपर्यंत पाण्याचा थेंब घेऊ नकोस. लोक तुला झिंगलेला बघतील, आणि तू आत तहानलेला असशील. ती तहान तुला सांगत राहील, तू कोण आहेस."

या निर्णयाबद्दल जाणती मंडळी आम्हांला दोष देतील, तर तो शिरसावंद्य आहे. बापाने काही उत्तर दिले नाही. मुलाच्या खांद्यावर हात मात्र ठेवला. बाई पाया पडू लागल्या, तेव्हा आम्ही पाय मागे घेतले. वेष अजून अंगावर होता.

रामकृष्णहरि.