कापडाची उलटी बाजू

भरजरी कापडाची पारख आपण उजव्या बाजूने करतो, पण ते कसे घडले हे उलटी बाजू सांगते. छपाई आणि भरतकाम तयार कापडावर नंतर चढतात. विणीतली नक्षी कापडाबरोबरच जन्माला येते, आणि तिच्या कष्टांचा हिशेब कापडाच्या पाठीवर राहतो. पारंपरिक पैठणीचा पदर उलटून पाहिला तरी मोर तितकाच रेखीव दिसतो. कारण पदरात नक्षीचा आडवा धागा या काठापासून त्या काठापर्यंत जातच नाही. प्रत्येक रंगाची कांडी वेगळी. ती आपल्या रंगाच्या हद्दीपर्यंत जाते, शेजारच्या धाग्यात अडकते आणि मागे फिरते. औरंगाबादच्या हिमरूची पाठ निराळी असते. तिथे नक्षीचा जादा धागा हवा तिथे वर येतो आणि उरलेले अंतर खालून मोकळाच धावतो.

यंत्रमागावरच्या पदराची पाठही बहुधा अशीच सुट्या धाग्यांची असते. यावरून ‘हाताचे ते अस्सल, यंत्राचे ते नकली’ असा निकाल देण्याचा मोह होतो, पण इतिहास त्याला साथ देत नाही. बनारसचे नक्शबंद पूर्वी नक्षी दोऱ्यांच्या जाळ्यात आधीच बांधून ठेवत. विणकर त्या बांधणीप्रमाणे धागे उचलवून घेई. फ्रान्समध्ये 1804च्या सुमारास जोसेफ मारी जकार्डच्या यंत्राने हेच काम भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर सोपवले, आणि पुढे ते पुठ्ठे बनारसच्या हातमागांवरही चढले. म्हणजे नक्षीची आठवण विणकराच्या बोटांतून काढून साधनात साठवणे ही यंत्रयुगाची करणी नव्हे. शिवाय हिमरू मुळात नक्कलच आहे. रेशमाचा आणि जरीचा किनखाब दरबारी ऐपतीचा. हिमरूने ताण्यात सूत घातले, बाण्यात रेशीम ठेवले आणि तो थाट स्वस्त केला. त्याच नकलेला आज आपण वारसा म्हणून जपतो.

मग यंत्रमागावरच्या ‘सेमी पैठणी’ने काय पाप केले? हातमागावरच्या पैठणीची महिन्यांची मेहनत आणि तिची किंमत ज्या घराला झेपत नाही, त्या घरातल्या मुलीने लग्नात मोराचा पदर घेऊच नये का? जरूर घ्यावा. स्वस्त थाटाची हौस हिमरूने कधीच मान्य करून टाकली आहे. मात्र हिमरूने स्वतःला किनखाब म्हणवले नाही. वेगळे नाव घेतले आणि त्यावर आपली कीर्ती उभी केली. यंत्रावरचे कापड नुसत्या ‘पैठणी’ नावाने विकले जाते, तेव्हा हरकत कापडाला नाही, नावाला आहे. पैठणीला 2010मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन राखते तेही हे नावच. मोर विणायला ते कुणाला मनाई करत नाही.

कुणी म्हणेल, गिऱ्हाईक रूप विकत घेते, रीत नव्हे. पण हाती विणलेल्या आणि यंत्रावरच्या पदराचे रूप लांबून सारखेच दिसत असेल, तर किमतीतला फरक रीतीचाच असतो. नाव एकच झाले की तो फरक अदृश्य होतो, आणि येवल्याच्या पैठणी विणकराला स्वतःच्याच कलेच्या स्वस्त नावाशी भावात झुंजावे लागते. अर्थात पाठीवर सुटे धागे दिसले म्हणजे फसवणूक झाली असेही नाही. येवल्यात हातमागावर, जकार्ड लावून, ब्रोकेड पैठणीही विणली जाते. पाठ फक्त रीत सांगते. दुकानदाराने सांगितलेले नाव तिच्याशी जुळते की नाही, एवढेच पदर उलटून पाहायचे असते.